कामावरचा खर्रा

दवाखान्यात चिठ्ठी फाडणाऱ्या बाबूनं मामीचं नाव विचारायच्या आधी तिच्या दातांकडे पाहिलं. काचेला हात जाईल एवढंच भोक, त्यातून तो वाकून बघत होता.

"खर्रा खाती है न?"

मामीनं मान हलवली. ती खोटं बोलत नाही, आणि तेव्हा तिला फार बोलताही येत नव्हतं.

"खुद खाओ, खुद बीमार पडो, फिर सरकार के माथे पे आके बैठो."

"भैया, चिठ्ठी तेवढी द्या. भाषण आमच्या घरी भरपूर आहे," मी म्हणाले. मागं रांगेत कुणीतरी हसलं. बाबू हसला नाही. त्यानं मामीचं वय न विचारताच लिहून टाकलं, खऱ्यापेक्षा बरंच जास्त. तिच्याकडे बघून कुणालाही तेवढंच वाटलं असतं.

मी एका लहानशा संघटनेत काम करते. दवाखान्यात औषध नसलं, रुग्णवाहिका आली नाही, बाळंतपणाला आलेल्या बाईला परत पाठवलं, की तिथं जाऊन भांडायचं आणि घरी येऊन त्यावर पत्रक लिहायचं, हे माझं काम. पत्रक कसं लिहायचं ते मला सुरुवातीलाच शिकवलं होतं. वाक्य छोटं ठेव. एका वाक्यात एकच मागणी. मागणी कुणाकडे आहे ते स्पष्ट लिही. तेव्हापासून मी तशीच लिहिते. आता दमले आहे, पण लिहायची दुसरी रीत मला येत नाही.

ज्यांच्या भागात खर्रा नाही त्यांच्यासाठी सांगते. सुपारीचा बारीक चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की झाला खर्रा. आमच्याकडे पानठेल्यावर दिवसभर तेच घोटणं चालतं. पुरुष खातात, बाया खातात, शाळेतले गुरुजी खातात. गावात पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी कुणीतरी खिशात हात घालतो.

आमचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावर आहे, म्हणून धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, वर्षातून दोनदा होतो. एक पावसाळ्यात, एक उन्हाळी धानाचा, थंडीत. दिवस उजाडला की बायांची टोळी बांधीत, पाणी भरलेल्या भातखाचरात, उतरते. वाकायचं, पऱ्ह्याची जुडी सोडायची, चिखलात त्यातली रोपं खोचत मागं मागं सरकायचं. बाई वाकली की बराच वेळ वरच येत नाही. हात कोपरापर्यंत चिखलात. असल्या हातानं काही खाता येत नाही. म्हणून टोळीत एक बाई सुक्या हाताची असते. बहुतेक एखादी म्हातारी, जिच्यानं वाकणं होत नाही. ती बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसते, पऱ्हे फेकते आणि मालकानं दिलेला खर्रा सांभाळते. कुणी हाक मारली की बांधीत उतरते, पन्नीतून चिमूट काढते, आणि वाकलेल्या बाईच्या तोंडात घालते. बाई मान तेवढी वर करते, तोंड उघडते, पुन्हा वाकते. हात थांबत नाहीत.

मालकानं टोळी ठरवली की तीन गोष्टी बोलून ठरतात: मजुरी, कोणती बांधी आधी, आणि खर्रा. खर्रा नसेल तर टोळी उतरत नाही. पहिली चिमूट म्होरकीची. म्होरकी म्हणजे ओळ धरणारी, गाणं उचलणारी. आमच्या गावात ती माझी मामी होती. मामा गेल्यावर तिनं टोळी बांधली आणि कित्येक रोवणे ओढले. मी तिच्याच घरी वाढले. पऱ्ह्याच्या जुड्या फेकायला मला तिनंच शिकवलं. खर्रा मात्र मला कधी दिला नाही. "तुले कायले पायजे, तुले का वाकायचं आहे?" म्हणायची. मी शाळेत जाणार होते, म्हणून मला वाकायचं नव्हतं. तिचा हिशेब साधा होता. जी वाकते ती खाते.

त्या वर्षीच्या पावसाळी रोवण्यात सुक्या हाताच्या म्हातारीनं चिमूट धरली आणि ती मामीच्या तोंडात जाईना. मी त्या दिवशी डबा घेऊन धुऱ्यावर गेले होते.

"उघड न व मोठ्यानं," म्हातारी म्हणाली.

"उघडूनच राहिली."

"हे का उघडलं? माजं बोट नाई जात."

बाया हसल्या. एक म्हणाली, "म्होरकीनं आता दातखीळ बसवून घेतली, मालकाशी भांडन नोको म्हनून." मामीही हसली, पण हसतानाही तोंड तेवढंच उघडलं. शेवटी म्हातारीनं ओठ बाजूला ओढून चिमूट गालात सरकवली. आणि काम पुढं चाललं. त्या दिवशी गाणं दुसऱ्या बाईनं उचललं, कारण मामीच्या तोंडून आवाज बाहेर यायला जागाच नव्हती.

दिवाळीपर्यंत एक बोट जेमतेम जायचं. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी. भाकरी सुटली, मग भाजी सुटली. लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण आणि पेज, तेही वाटीच्या काठानं आत ओढायचं. जांभई आली की ती दोन्ही हातांनी जबडा धरून बसायची. बाई वाळत चालली होती. मी तिला गोंदियाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, आणि तिथं तो बाबू भेटला.

डॉक्टर माझ्याच वयाचा असेल. बोलणं पश्चिमेकडचं, स्वच्छ. त्यानं स्टीलची पट्टी मामीच्या दातांमध्ये धरली.

"आजी, अजून उघडा."

"उघडलंच आहे," मी म्हणाले. "आणि ती आजी नाही, मामी आहे. अजून रोवण्याला जाते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मामीला म्हणाला, "मामी, गालाच्या आत दोरीसारखे पट्टे झालेत. कापून मोकळे करावे लागतील. ऑपरेशन सरकारी योजनेत बसतं, तुम्हाला पैसे लागणार नाहीत. पण खर्रा पूर्ण बंद करा, दोनतीन महिने. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

"ही शिक्षा आहे का?" मी विचारलं.

"शिक्षा कशाला? कापल्यावर परत खर्रा गेला तर पट्टे परत येतात. कधी कधी आधीपेक्षा घट्ट." तो दमलेला दिसत होता. बाहेर रांग भिंतीला वळसा घालून जिन्यापर्यंत गेली होती. "आणि ऑपरेशनचं टेबल एक आहे. जो पथ्य पाळेल त्याला मागं ठेवून जो पाळणार नाही त्याला पुढं का घेऊ?"

पहिल्या अर्ध्याशी मी भांडू शकत नव्हते. तो वैद्यकाचा भाग होता आणि खरा होता. दुसरा अर्धा मात्र बाबूचंच बोलणं होतं, धुतलेल्या मराठीत. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामीनं माझा हात दाबला. तिला भांडण नको होतं. तिला तारीख हवी होती. तारीख मिळाली असती तर ती बाबूच्या पायाही पडली असती.

तिनं खर्रा सोडला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिले काही दिवस डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, काही कारण नसताना शेळीवर ओरडायची. पानठेल्याच्या वाटेनं जाणं बंद केलं, मागून तलावाच्या पाळीवरून फिरून जायची. शेजारीण टोमणे मारायची, "काय व, डॉक्टरीन झाली का?" मामी उत्तर द्यायची नाही. रात्रीच्या जेवणानंतर ओव्याचे दाणे गालात धरून बसायची. पन्नी हातात दिली तरी उघडायची नाही. आमच्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंगणात लाल पिंक दिसेनाशी झाली.

मधे उन्हाळी धानाचा रोवणा झाला. मी तेव्हा तालुक्याला धरण्यावर बसले होते, रुग्णवाहिकेच्या प्रश्नावर. रुग्णवाहिका मिळाली. चालक मिळाला नाही.

रोवणा त्या वर्षी लांबला; उरकला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. मोहाचे दिवस सुरू झाले होते. रांगेत आमच्यापुढे दरेकसाकडचा एक माणूस होता, खांद्यापासून कानापर्यंत पट्ट्या. मोहफुलं वेचायला गेला आणि अस्वलानं फाडला. सिस्टर पट्टी सोडता सोडता त्याला विचारत होती, "इतक्या अंधारात जंगलात कायले गेला?"

"उशिरा गेलो त मोह ढोरं खाऊन टाकतात, बाई."

"मंग जीव मोठा का मोह मोठा?"

मला वाटलं, या इमारतीत प्रत्येकाला आधी हेच विचारतात. का गेलास? का खाल्लंस? का चढलास? जखम नंतर बघतात. आणि हेही लक्षात आलं की हा प्रश्न बाकावरच्यालाच विचारतात. गाडीतून उतरून थेट आत जाणाऱ्याला विचारताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

डॉक्टरनं मामीला ओळखलं. चांगला बोलला. "बंद केला ना?"

"बंद," मामी म्हणाली.

"पूर्ण?"

"पुरा बंद. पोरीले विचारा."

"पूर्ण बंद आहे," मी म्हणाले. शपथेवर सांगितलं असतं.

त्यानं टॉर्च लावली. गाल बाजूला ओढला, आत पाहिलं, मग टॉर्च बंद करून खाली ठेवली. उजव्या गालाच्या आत ताजा डाग होता, चुन्यानं पोळलेला. हिरडीच्या खाचेत सुपारीचा कण अडकलेला. त्यानं चिमट्यानं काढून मलाही दाखवला.

"माझ्याशी खोटं बोलून माझं काही जात नाही," तो म्हणाला. "तुमची तारीख मी पुढं ढकलतो. पावसाळ्याच्या आधी बघू. तोवर खरंच बंद करा."

मामी मान हलवत राहिली. "नाई खाल्ला. साहेब, मी नाई खाल्ला." डॉक्टर पुढच्या माणसाला हाक मारून मोकळा झाला होता. मी म्हणाले, तुम्ही आमचं ऐकून तरी घ्या, योजनेत कुठंही लिहिलेलं नाही की व्यसन असेल तर उपचार नाही, हा हक्क आहे. तो म्हणाला, "मॅडम, कारणं नकोत मला. बाहेर साठ माणसं आहेत." साठ नसतील. पण होती खूप.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी तिच्याशी बोलत नव्हते. खिडकीबाहेर धानाच्या तणसाचे ढीग जात होते. शेवटी राहवलं नाही.

"कायले खाल्ला, मामी?"

"मी कुठं खाल्ला?"

"डॉक्टरनं कण काढून दाखवला न मला."

तिनं आठवून पाहिलं. खरंच आठवत होती, सोंग नव्हतं. मग तिचा चेहरा मोकळा झाला, एखादी हरवलेली वस्तू सापडावी तसा.

"तो त कामावरचा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रोवन्यातला. मालकानं देल्लेला. तो का खाल्लेला होते? म्या ठेल्यावरून एक नाई आनला. घरी एक नाई खाल्ला. तूच पाय न." आणि थोडं थांबून, जड जिभेनं, "पयली चिमूट मीच नाई घेतली त टोळी उतरल कशी?"

तिनं डॉक्टरला खरं उत्तर दिलं होतं. खर्रा खाणं म्हणजे ठेल्यावर जाऊन, घेऊन, घरी बसून खाणं. ते तिनं सोडलं होतं आणि त्यासाठी जीव काढला होता. बांधीत तोंडात घातलेला खर्रा हा कामाचा भाग. चिखलासारखा, जळवांसारखा. चिखलात पाय घातला याला कुणी छंद म्हणत नाही. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला विचारा, दिवसाला किती खर्रे खातेस. ती घरचे मोजेल. कामावरचे मोजणार नाही. कुणीच मोजत नाही.

एक माणूस मोजतो. मालक. बियाणं, खत, ट्रॅक्टर, मजुरी, खर्रा. त्याच्या हिशेबात तो पिकाचा खर्च आहे. बांधीतली बाई दवाखान्यात पोचेपर्यंत तोच खर्रा तिचा शौक होतो. मला हे पत्रकात घालायचं होतं. असंच, या पाच वाक्यांत.

संघटनेत तेव्हा मागण्यांचं पत्रक तयार करणं चाललं होतं. आमचे सर, म्हणजे संघटना उभी करणारे निवृत्त शिक्षक, त्यांच्या ओसरीवर बैठक. सर्पदंशाची लस प्रत्येक आरोग्य केंद्रात. सिकलसेलच्या मुलांना रक्त. अस्वल-वाघाच्या जखमींना थेट दाखल करून घेणं. मी लिहिलं: खर्ऱ्यानं तोंड बंद झालेल्या मजूर बायांचं ऑपरेशन, विनाअट आणि लवकर. कामाच्या जागी खर्रा देणं बंद, त्याऐवजी पोटभर न्याहारी. मागणी सरकारकडे आणि शेतमालकांकडे.

सरांनी चष्मा वर केला. "हे काढ."

"काऊन?"

"लोक बिचकतात. सापानं चावलेल्या माणसाबद्दल कुणी काही बोलत नाही. सिकलसेलच्या पोराबद्दल कुणी काही बोलत नाही. खर्ऱ्याचं नाव आलं की म्हणतील, खाणाऱ्याला फुकट आणि न खाणाऱ्यानं भरायचं. एका मागणीसाठी बाकीच्या बुडतील."

"म्हणजे ज्याचा काहीच दोष नाही, त्याच्यापुरताच हक्क?"

"मी तसं म्हटलं नाही."

"बाबूनं म्हटलं. तुम्ही फक्त भोकातून नाही म्हटलं, ओसरीवर बसून म्हटलं."

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तुझ्या मामीचं आहे म्हणून तुला लागतंय, मला समजते. पण पत्रक एका बाईसाठी नसते." मग चहा आला. ते कलम निघालं. पत्रक छापून आलं तेव्हा चांगलं दिसत होतं, ठळक अक्षरात, आणि मी ते गावोगाव वाटलं. आमच्या गावात वाटताना मामीनंही एक घेतलं आणि मांडणीवर ठेवलं. तिला वाचता येत नाही.

मी मालकाकडे गेले. मामीची टोळी ज्याच्याकडे जास्त जाते तोच. मी त्याला काका म्हणते. अंगणात खाटेवर बसला होता.

"काका, रोवण्यात खर्रा देणं बंद करा."

"बंद केला त माझ्या बांधीत उतरते कोन? बाजूच्याकडे जातील."

"मग बाजूच्यालाही सांगा. सगळे मालक मिळून ठरवा. न्याहारी द्या."

"तू सांग न. तू नेता." तो चेष्टेनं बोलत होता, पण खोटं बोलत नव्हता. "अन् बाई, मी का कोनाच्या तोंडात कोंबतो? त्याच मागतात. माजी चूक असंल त सांग."

"डॉक्टर मामीला हात लावत नाही. म्हणतो आधी सोड."

"बरोबरच आहे न त्याचं."

"तुमच्या छातीत स्प्रिंग बसवली, तीही सरकारी योजनेतूनच न? तेव्हा डॉक्टर म्हणाला होता का, आधी मटण सोडा, मग हात लावतो?"

तो पोट धरून हसला. "तसं म्हटलं असतं त मी तिकडंच मेलो असतो."

"मग नंतर तरी सोडलं?"

"रविवारी खातो फक्त," तो म्हणाला, आणि आतून बायकोचा आवाज आला, "अन् बुधवारी." तो पुन्हा हसला. मीही हसले. राग आला होता तरी हसले. त्या घरात मी लहानपणी जेवलेली आहे. घरी येईपर्यंत हसण्याचाच राग यायला लागला होता.

टोळीतल्या बायांशीही बोलले, मोहफुलं वाळत घातलेल्या अंगणात. म्हणाले, खर्ऱ्याऐवजी चहा-बिस्किट मागू मालकाकडे. सुक्या हाताच्या म्हातारीनं मान हलवली.

"चाय कोन पाजल? बशी धराले हात कुठं आहेत? बिस्किट तोंडात घातलं त अर्ध चिखलात."

"मी पाजीन," एक म्हणाली, "पन मंग मुताले कोन धरून नेईल?"

सगळ्या हसल्या. म्हातारी हसली नाही. "पोरी, सकाळी शिळा भात खाऊन येतो. दुपारपर्यंत पोटात भूक, कमरेत आग. दोन्ही एका चिमटीत मरतात. तुजं बिस्किट कंबर मारते का?"

न्याहारीची सुट्टी मागा, म्हणाले. कंबर सरळ करायला वेळ मागा. म्हातारी म्हणाली, "तेवढ्यात बाजूची टोळी बांधी संपवते." मामी भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या बाजूनं कुणीतरी बोलावं म्हणून मी वाट पाहिली. कुणी बोललं नाही. त्यांना ती आवडत नव्हती असं नाही. पण रोवणा जवळ येत होता, आणि टोळीला ओळ धरणारी हवी होती. मामीला खर्रा न खाता म्होरकी राहू देतील का, हे त्यांनी विचारलं नाही, तिनंही विचारलं नाही.

उन्हाळ्यात रोवणा नसतो. त्यामुळे तिचं पथ्य आपोआप पूर्ण झालं. तेंदूपत्त्याच्या दिवसांत ती जंगलात गेली, पुडे बांधले, खर्रा नाही. तेव्हा हात सुके असतात, तोंडात दुसऱ्यानं घालायचं कारण नसतं. तारीख आली, टॉर्च लागली, गाल स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाला, "बघा, ठरवलं की जमतं." मामीनं मान खाली घातली. मी काही बोलले नाही. तारीख हातची जाऊ द्यायची नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर होते. शेजारी एका मोटरसायकलवाल्याचं कुटुंब. लग्नाहून येताना पिऊन झाडावर गेला, मांडीचं हाड मोडलं. त्याला सकाळी आणलं आणि दुपारी आत घेतलं, आणि ते योग्यच होतं. त्याची बहीण मला म्हणाली, "आपके पेशंट को क्या हुआ?"

"तोंड बंद झालं. खर्ऱ्यानं."

"हाय राम. फिर मुफ्त में कैसे कर देते हैं?" तिनं खरंच आश्चर्यानं विचारलं. मनात वाईट काही नव्हतं.

माझ्याकडे पाच-सहा उत्तरं होती. सगळी धारदार, सगळी कधी ना कधी छापलेली. मी तिच्या भावाकडे बोट दाखवू शकले असते. पण ती सकाळपासून रडत होती, आणि मला दुसऱ्याचं मोडकं हाड हत्यार म्हणून उचलायचं नव्हतं. मी म्हणाले, "तुमच्या भावाला करतात तसंच." मग तिनं डब्यातली चपाती माझ्यापुढे केली.

मामीला वॉर्डात आणलं तेव्हा दोन्ही गाल सुजलेले, तोंडात कापूस. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरनं लाकडाच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये घालायला शिकवलं. तोंड उघडं ठेवायचं, दुखलं तरी. रोज एक काडी वाढवायची. मामीच्या डोळ्यांतून धारा लागायच्या, पण तोंड उघडायचं. मी इतक्या दिवसांनी तिची जीभ पाहिली.

सुट्टीच्या आदल्या दिवशी डॉक्टर आला. पट्टी धरली, मोजलं, खूश झाला. बाहेर आभाळ भरून होतं. गावाकडे पऱ्हे टाकून झाले होते.

"व्यायाम सोडायचा नाही. आणि खर्रा आयुष्यभर नाही. नाहीतर सगळं पाण्यात."

मामीनं काही तरी विचारलं. शब्द नीट फुटत नव्हते. तिनं तीन बोटं जुळवली आणि चादरीत खोचली, पुन्हा थोडी मागं खोचली, पुन्हा मागं. डॉक्टरला कळेना. तो माझ्याकडे बघू लागला.

"रोवण्याला जाऊ का, विचारते."

"जा की," तो सहज म्हणाला. "जखम भरली की जा. फक्त खर्रा नको."

मामी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हो म्हणून टाकावं. डॉक्टर खूश होता, सुट्टी उद्या होती, मी भांडून भांडून कंटाळले होते. ती गावाला जाईल, टोळी उतरेल, म्हातारी चिमूट धरेल आणि या वेळी ती तोंडात सरळ जाईल. किंवा मामी नाही म्हणेल, आणि दुसरी कुणी म्होरकी होईल, आणि हिला कुणी बोलावणार नाही.

"डॉक्टर," मी म्हणाले, "तसा रोवणा नसतो."

तो निघाला होता, थांबला. वॉर्डात त्या दिवशी खाटा रिकाम्या होत्या, त्यामुळेही असेल. त्यानं पलंगाशेजारचं स्टूल ओढलं आणि बसला.

"मग कसा असतो?"

त्या इमारतीत एवढ्या खेपांत हे कुणी पहिल्यांदा विचारत होतं. मामीनं पुन्हा चादरीवर बोटं ठेवली, आणि मी धुऱ्यावर बसणाऱ्या म्हातारीपासून सांगायला सुरुवात केली.